फ्लॅट पॅटर्नमध्ये फेस एकमेकांवर चढतात तेव्हा काय तपासायचं

"मॅडम, तुमचा डीएक्सएफ स्वतःवरच चढलाय. कापू का थांबवू?"

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या लेझरवाल्यांचा हा फोन मला बरेच दिवस अधूनमधून येत राहिला. डीएक्सएफ म्हणजे पत्रा कापण्यासाठी त्यांना पाठवायची रेषांची फाइल. थ्रीडी मॉडेल बघितलं तर सगळं बरोबर. असेंब्लीत भाग बसतोय, भोकं जुळतायत. पण फ्लॅट पॅटर्न, म्हणजे सगळ्या घड्या उलगडून सपाट केलेला पत्र्याचा आकार, काढला की दोन फेस (भागाची पृष्ठं) एकाच जागेवर येऊन पडतात. कधी सॉफ्टवेअर एरर देऊन थांबतं. कधी काहीच सांगत नाही, दोन फेस मिळवून एकच बाह्यरेषा काढून देतं. मला दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती वाटते, कारण तो भाग कापला जातो, छोटा हत्ती भरून शॉपवर येतो आणि ब्रेक प्रेसवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, चढवल्यावर कळतं की एका फ्लँजचा (कडेला वाकवलेल्या पट्टीचा) कोपरा पत्र्यात नाहीच.

आमचं काम मुख्यतः दोन प्रकारचं. सातपूर-अंबडच्या पॅनल बनवणाऱ्यांसाठी स्टार्टर बॉक्स आणि केबल ट्रे, आणि पिंपळगाव-लासलगाव पट्ट्यातल्या कांदा ग्रेडिंग मशीनसाठी हॉपर (माल ओतायचं निमुळतं भांडं) आणि च्यूट (घसरण). दोन्हीकडे ही अडचण येते, पण कारणं वेगळी आहेत. ते वेगळेपण ओळखायला मला फार वेळ लागला. तोवर मी प्रत्येक वेळी एकच उपाय करत होते: गॅप वाढवायची, रिलीफ (बेंडच्या टोकाशी दिलेली खाच) मोठा करायचा, पुन्हा फ्लॅट काढायचा. कधी जमायचं, कधी नाही.

आता मी पहिला प्रश्न हा विचारते: फेस चढलेत ते घडीत की सपाटीत? घडी घातलेल्या अवस्थेत एक फेस दुसऱ्यावर असेल, तर मॉडेलिंगची चूक आहे आणि ती मॉडेलमध्येच दुरुस्त होते. घडीत सगळं मोकळं आहे पण पत्रा उलगडल्यावर दोन फेस एका जागी येत असतील, तर तो भाग त्या रूपात एका पत्र्यातून निघू शकत नाही. कितीही सेटिंग बदला, निघणार नाही. सीम (जोडाची रेषा) हलवावा लागेल, फ्लँज कापावी लागेल किंवा तुकडा वेगळा करावा लागेल.

वजनाची तपासणी

डोळ्यांना चढण दिसली नाही तरी वजन खोटं बोलत नाही. मटेरियल लावून घडी घातलेल्या भागाचं वजन बघा, मग फ्लॅटचं बघा. दोन्हीत जवळजवळ सारखा आकडा यायला हवा. के फॅक्टर, म्हणजे बेंडमध्ये न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे तो आकडा, ०.५ पेक्षा कमी धरलेला असतो, म्हणून बेंडच्या पट्ट्यांमुळे फ्लॅट किंचित हलका दाखवतो. पुढे सांगितलेल्या माझ्या हॉपरमध्ये हा फरक पाच-सात ग्रॅमच्या आसपास येतो. त्याहून बराच जास्त फरक असेल तर सॉफ्टवेअरने कुठेतरी दोन फेस एकात विलीन केलेत. दोन मिनिटांची तपासणी आहे, आणि तिने माझे बरेच पत्रे वाचवले आहेत.

घडीतच चढलेले फेस

केबल ट्रेचं टोक घ्या. तळ १०० मिमी रुंद, दोन्ही बाजूंना ८० मिमी उंच भिंती, आणि प्रत्येक भिंतीच्या टोकाला आत वळणारा ६० मिमीचा फ्लॅप. दोन फ्लॅप मिळून १२० होतात, जागा १००. म्हणजे मधे २० मिमी लॅप, तिथे स्पॉट वेल्ड. शॉपवर यात काही कठीण नाही, एक फ्लॅप मागे आणि एक पुढे.

पण मॉडेल करताना आपण मिरर करतो आणि दोन्ही फ्लॅप एकाच प्रतलात येतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते एकमेकांत घुसून एकच सॉलिड होतात. भिंत, फ्लॅप, फ्लॅप, दुसरी भिंत, तळ अशी पत्र्याची साखळी बंद झाली. बंद साखळी उलगडणार कुठून? इथे सॉफ्टवेअरचा एरर अगदी रास्त असतो, फक्त तो कोपऱ्याकडे किंवा एखाद्या बेंडकडे बोट दाखवतो आणि आपण तिथे रिलीफ देत बसतो.

उपाय साधा. मिरर करू नका. एक फ्लॅप जाडीएवढा आत सरकवा आणि वर ०.१ ते ०.२ मिमी गॅप ठेवा. म्हणजे त्या बाजूची भिंत तेवढी आखूड करावी लागेल. शॉपवरही ती तेवढी आखूडच हवी असते, नाहीतर लॅप फुगून राहतो. सॉलिडवर्क्समध्ये क्लोज्ड कॉर्नर वापरत असाल तर तिथे ओव्हरलॅप आणि अंडरलॅप असे पर्याय आहेत. गॅप मात्र शून्य ठेवू नका. दोन फेस एका रेषेत टेकले तरी काही वेळा ते चिकटतात आणि तीच बंद साखळी परत तयार होते.

हेमचंही (कड दुमडून दाबलेली घडी) तसंच. पूर्ण दाबलेला हेम मॉडेलमध्ये शून्य फटीने दाखवला तर पत्रा दुप्पट जाडीचा एक ठोकळा दिसतो. बारीक फट ठेवा.

एकाच कोपऱ्यावर दोन टॅब

हा स्टार्टर बॉक्सचा कायमचा रोग. झाकणाच्या चारही बाजूंना फ्लँज असते. कोपरा मजबूत व्हावा म्हणून एका फ्लँजच्या टोकाला टॅब काढायचा, तो शेजारच्या फ्लँजच्या मागे जातो, तिथे वेल्ड. कुणीतरी जास्त मजबुतीसाठी दोन्ही फ्लँजांना टॅब देतं. आता हा कोपरा सपाट करून बघा. तळाच्या कोपऱ्याबाहेर एक रिकामा चौकोन उरतो. पहिल्या फ्लँजचा टॅब त्या चौकोनात येतो आणि दुसऱ्या फ्लँजचाही त्याच चौकोनात येतो. टॅब १५ मिमीचे असतील तर कोपऱ्यालगतचा जवळपास १५ बाय १५ चा तुकडा दोघांनाही हवा असतो.

एका कोपऱ्याला एकच टॅब. आणि तो टॅबही फ्लँजच्या पूर्ण उंचीचा नको. तळाच्या बेंडपासून तो वर सुरू व्हायला हवा, नाहीतर सपाटीत त्याची कड शेजारच्या फ्लँजला घासते. मी रिलीफची रुंदी किमान पत्र्याच्या जाडीएवढी आणि खोली किमान जाडी अधिक आतली त्रिज्या एवढी ठेवते. १.६ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणि १.६ त्रिज्या असेल तर खोली ३.२ च्या खाली जात नाही.

हॉपर: खरी अडचण इथे आहे

कांद्याच्या ग्रेडिंग मशीनसाठी आम्ही जो हॉपर करतो त्याचे आकडे सोपे करून सांगते. वरचं तोंड ६०० मिमी चौरस, खालचं १५० मिमी चौरस, उंची ४००, पत्रा २ मिमी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील). खाली ४० मिमीची बोल्टिंग फ्लँज, बाहेर वळलेली. मागणी नेहमी हीच: चारही बाजू एकत्र उलगडून एकच ब्लँक (कापलेला सपाट तुकडा) द्या, वेल्डिंग कमी होईल.

प्रत्येक बाजूची तिरकी उंची ४५८.९ मिमी येते. बाजू म्हणजे ६०० आणि १५० कडांचा समलंब चौकोन. चार समलंब चौकोन कोपऱ्याच्या बेंडवर जोडून उलगडले की पंख्यासारखा आकार होतो. प्रत्येक पाकळी ५२.२ अंशांची, चार मिळून सुमारे २०९ अंश. ३६० च्या आत आहे, म्हणजे बाजू एकमेकांवर चढत नाहीत. इथपर्यंत फ्लॅट स्वच्छ निघतो. वरच्या तोंडाला फ्लँज असती तरी चाललं असतं, कारण पंख्याच्या बाहेरच्या कडेवरच्या फ्लँजा एकमेकींपासून लांब पसरतात.

खालची फ्लँज मात्र पंख्याच्या आतल्या बाजूला येते. तिथे चारही फ्लँजा एकाच बिंदूकडे तोंड करून असतात. दोन शेजारच्या फ्लँजांना मिळून १८० अंशांची जागा हवी आणि कोपऱ्यात उपलब्ध आहे १२७.८. उरलेल्या ५२.२ अंशांत त्या एकमेकींवर चढणारच. माझ्याकडचं एक सॉफ्टवेअर इथे थांबायचं, दुसरं गुपचूप विलीन करायचं. वजनाने तेव्हाच पकडलं असतं: घडीतला भाग ११.३० किलो आणि फ्लॅट ११.२६. तीन कोपऱ्यांत मिळून ३७ ग्रॅम पत्रा दोनदा मोजला गेला होता.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही मी वापरून बघितलेत.

पहिला, फ्लँजची टोकं तिरकी छाटायची. प्रत्येक टोकाला २६.१ अंश, म्हणजे ४० मिमी खोलीवर १९.६ मिमी आत. गॅपसाठी मी २० धरते. फ्लॅट लगेच मोकळा होतो. पण फ्लँज बाहेर वळवल्यावर कोपऱ्यात आधीच चौकोनी खाच असते, ती आणखी मोठी होते. गास्केट बसवायचं असेल तर हा उपाय सोडून द्या.

दुसरा, सीम हलवायचा. इथे चारही कोपरे सारखेच असल्याने एकच सीम फिरवून काही मिळत नाही. तीन कोपरे जोडलेले राहतातच. एका बाजूला सरकलेल्या तोंडाच्या हॉपरमध्ये पाकळ्यांचे कोन वेगवेगळे असतात, तिथे सर्वांत मोठ्या कोनाच्या कोपऱ्यावर सीम दिला की बराच फरक पडतो.

तिसरा, खालची फ्लँज मूळ भागातून काढूनच टाकायची. २३० मिमी बाहेर आणि १५० मिमी आत अशी चौकट लेझरवर वेगळी कापायची, भोकं तिच्यातच मारून घ्यायची आणि हॉपरला वेल्ड करायची. पत्रा थोडा वाया जातो, पण मधला १५० चा चौकोन ब्रॅकेटसाठी वापरता येतो. फ्लँज एकसंध राहते, सपाट राहते, गळत नाही. माझं मत विचाराल तर हॉपरच्या अरुंद तोंडाला हाच उपाय, आणि ड्रॉइंग काढतानाच.

याच हॉपरमधली आणखी एक चूक सांगून ठेवते, कारण ती चढणीसारखीच भासते. बाजूंच्या कोपऱ्यातला बेंड ९० अंशांचा नसतो. बाजू तिरक्या असल्याने तो ७६.१ अंश येतो. कुणी घाईत ९० टाकून फेस जुळवले तर शेवटची बाजू पहिलीत घुसते, आणि आपण सीममध्ये गॅप वाढवत बसतो.

सॉफ्टवेअरला हे का जमत नाही

मला आधी वाटायचं की नवी आवृत्ती आली की हा प्रश्न सुटेल. तसं नाही. घनाकृती कापून कागदावर सपाट उलगडून दाखवण्याचं काम आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ मध्ये छापलं होतं. प्रत्येक बहिर्वक्र बहुफलक (कुठेही आत न दबलेली, सपाट बाजूंची घनाकृती) कडांवरून कापून, स्वतःवर न चढता, एका तुकड्यात उलगडता येतो का, हा प्रश्न शेफर्ड यांनी १९७५ मध्ये नेमक्या शब्दांत मांडला. त्याचं उत्तर गणितज्ञांकडे अजून नाही. आणि आत दबलेल्या, खाचा असलेल्या आकारांत तर असे नमुने माहीत आहेत जे कुठल्याही कडेवरून कापले तरी न चढता उलगडत नाहीत. आपले बॉक्स आणि फ्लँजवाले हॉपर याच खाचा असलेल्या आकारांत मोडतात. सीम कुठे द्यायचा हे माणसाने ठरवायचं काम आहे, आणि सॉफ्टवेअर आपल्याला तोच निर्णय विचारत असतं.

बरेच फेस निवडून एकत्र सपाट करताना

शीट मेटल फीचर नसलेल्या आकारासाठी, म्हणजे आयात केलेला भाग किंवा सरफेस, आपण फेस निवडून सपाट करतो. सॉलिडवर्क्समध्ये त्यासाठी फ्लॅटन सरफेस आहे, २०१५ पासून आणि फक्त प्रीमियममध्ये. ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अनरोल आहे. इथे चढलेल्या फेसची सगळ्यात सामान्य कारणं मी पाहिली ती अशी.

चौकट ओढून फेस निवडले की पत्र्याची आतली बाजू, बाहेरची बाजू आणि जाडीच्या कडा सगळे एकदम निवडले जातात. मग अर्थातच आतला फेस बाहेरच्यावर येऊन पडतो. एकाच बाजूचे फेस निवडा, हातानेच, एकेक करून.

दुसरं, दोन सरफेस लॅप होतात पण त्यांची कड सामाईक नसते. एकाची कड दुसऱ्याच्या पोटात कुठेतरी संपते. निवडताना ते शेजारी वाटतात. सॉफ्टवेअरला ते दोन सुटे तुकडे दिसतात. आधी एक सरफेस दुसऱ्याने ट्रिम करा, मग निट करा (जोडून एक सरफेस करा), मग सपाट करा. ऱ्हायनोत जॉइन करून अनरोलमध्ये एक्सप्लोड बंद ठेवलं तर फेस जोडलेले राहून उलगडतात. पण जोडलेले राहिले म्हणजे चढणार नाहीत असं नाही. हॉपरचा नियम इथेही लागू आहे.

तिसरं, स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल). बाहेरून आलेल्या फाइलमध्ये एकाच जागी दोन बॉडी बसलेल्या असू शकतात, किंवा जाडी एका ठिकाणी २.०० आणि दुसरीकडे १.९८. बेंड गोल दिसतो पण आत तो दंडगोल नसून स्प्लाइन असतो. फ्रीकॅडच्या शीटमेटल वर्कबेंचला असा बेंड उलगडत नाही. मी आता दुरुस्त करत बसत नाही. दोन-चार मापं घेऊन भाग नव्याने शीट मेटलमध्ये काढते. पंधरा बेंडच्या आतला भाग असेल तर तेच लवकर होतं.

दोन दिशांनी वळलेला फेस, म्हणजे घुमटासारखा, ताणल्याशिवाय सपाट होतच नाही. गाउसने १८२७ मध्ये ते सिद्ध केलं आहे. ब्रेक प्रेसच्या कामात तो भाग येऊ नये.

के फॅक्टरमुळे भासणारी चढण

कोपऱ्यात अर्धा-एक मिलिमीटरच चढतंय असं दिसलं तर आधी के फॅक्टर बघा. २ मिमी पत्रा, २ मिमी आतली त्रिज्या, ९० अंश: के ०.४४ धरला तर बेंड अलाउन्स (बेंडला लागणारी पत्र्याची लांबी) ४.५२ मिमी, ०.३३ धरला तर ४.१८. एका बेंडला ०.३४ चा फरक, चार बेंडला १.४ च्या जवळ. आमच्याकडे एकदा त्याहून वाईट झालं. फ्रीकॅडमध्ये के फॅक्टरला आन्सी (अमेरिकी मानक) आणि डिन (जर्मन मानक) असे दोन प्रकार आहेत आणि डिनचा आकडा आन्सीच्या दुप्पट असतो. डिन निवडलेलं असताना ०.४४ टाकलं गेलं, म्हणजे प्रत्यक्षात ०.२२. प्रत्येक बेंडला ०.६९ मिमी पत्रा कमी पडला. तुमच्या ब्रेकवर तुमच्या डायमध्ये १०० मिमीची पट्टी ९० ला वाकवून दोन्ही पाय मोजा आणि के त्यावरून काढा. कुठल्यातरी तक्त्यातला आकडा टाकू नका.

लेझरला पाठवण्याआधी

डीएक्सएफमध्ये एका रेषेवर दुसरी रेषा असेल तर लेझर तीच रेघ दोनदा मारतो आणि कड जळते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल चालवा. बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा.

आणि कागद कापा. या हॉपरचा ब्लँक सुमारे १,३२० बाय ८५२ मिमी आहे. एकास पाच प्रमाणात तो २६४ बाय १७० होतो आणि ए-फोर कागदावर बरोबर बसतो. कागदाला एका जागी दोनदा असता येत नाही, त्यामुळे जे कात्रीने निघालं ते लेझरवरही निघेल.

गेल्या खेपेला असाच कागदी हॉपर मी ब्रेकवरच्या काकांच्या हातात दिला. त्यांनी तो घेऊन एकेक घडी घातली. दोन घड्या झाल्या, तिसरीला कागद हातातच धरून ते मशीनजवळ गेले आणि पंचच्या खाली धरून दाखवलं.

"ताई, फ्लॅट तुमचा बरोबर आहे. पण तिसरा बेंड मारताना पहिली बाजू इथे वर येऊन रॅमला लागणार. दोन-दोन बाजूंचे दोन तुकडे द्या, मी एकेकच बेंड मारतो. वेल्ड एक जास्त होईल."

मी त्याच दुपारी सीम समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर नेले. दोन्ही अर्धे एकसारखे निघाले, एकच डीएक्सएफ, नग दोन, आणि तळाची चौकट तिसरी. नेस्टिंगमध्ये, म्हणजे एका पत्र्यावर तुकडे मांडताना, ते एकमेकांत बसलेही चांगले.